गुरुवारचे कांदे

सिरिल प्रॉसरला पुरलं त्या दिवशी त्याच्या बायकोच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. प्रार्थनाघराच्या बाकावर बसल्या बसल्या ऑलिव्हने दोनदा गालाला हात लावून पाहिला. दात काढून आलेलं माणूस ओठ चाचपून बघतं, तसा. गाल जागेवर होता आणि कोरडा होता.

नंतर घरी चहा झाला. हॅमचे सँडविच आणि ओव्याच्या चवीचा केक होता. पुढच्या खोलीत सिरिलच्या वीज कंपनीतली माणसं बसली होती. तो मीटर वाचायचं काम करायचा. मागे स्वयंपाकघरात मात्र सहा जण भिंतीला पाठ लावून उभे होते. हे सिरिलचं वर्तुळ. जुन्या धर्माची माणसं, म्हणजे चंद्राची देवी आणि शिंगांचा देव मानणारी. शेजारपाजारच्या भाषेत चेटकी. रविवारच्या एका पेपरात दोन वर्षांपूर्वी त्यांच्याबद्दल छापून आलं होतं, तेव्हापासून साऱ्या वेदर्ली गावाला माहीत होतं; फक्त तोंडावर कोणी बोलत नसे.

मॉरीन पिकरिंगने ऑलिव्हला कपाटापाशी गाठलं. मॉरीन अठ्ठावीस वर्षांची, हाय स्ट्रीटवर तिचं केस कापायचं दुकान. सिरिल अंथरुणाला खिळल्यापासून वर्तुळाची मुख्य पुजारीण तीच.

"ऑलिव्ह, घाई करत नाही मी. पण नेम आहे ना. येत्या गुरुवारी कांदे आणि त्यानंतरच्या रविवारी वही."

"बरं."

"रविवार सहा तारखेचा आहे. आदल्या दिवशी पाच नोव्हेंबरची होळी आणि फटाके असतात, सगळ्यांच्या परसात काही ना काही जळत असणारच. आपल्या धुराकडे कोण बघतंय!"

"बरं," ऑलिव्ह पुन्हा म्हणाली. घराला आग लागलीय असं कोणी सांगितलं असतं, तरी तिने त्या दिवशी बरंच म्हटलं असतं.

वहीचा नेम या लोकांत फार कडक. वर्तुळात येणाऱ्याने आपल्या गुरूच्या वहीतून सगळे मंत्र आणि क्रिया स्वतःच्या हाताने उतरवायच्या. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. बाहेरच्याला दाखवायचं नाही. आणि ज्याच्या हातची वही, तो मेला की ती जाळायची. सिरिलची वही आता जळणार होती. तिच्याबरोबर ऑलिव्हची एक गोष्टही जळणार होती, आणि ती कोणाला ठाऊक नव्हती.

ऑलिव्ह १९०९ सालची, धोबिणीच्या पोटची. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या ताटात वाढत आली. बस गॅरेजच्या कँटीनमध्ये तिची सव्वीस वर्षं गेली. दोनशे ड्रायव्हर-कंडक्टरांचे मटार, बटाटे, पुडिंग. सिरिल तिच्याहून वाचलेला. लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात टॉर्च घेऊन घुसायचं हेच त्याचं काम. त्यामुळे जगातली गुपितं आपल्याच मालकीची आहेत असं त्याला वाटू लागलं असावं. १९५१ साली सरकारने चेटकाविरुद्धचा जुना कायदा मोडीत काढला, आणि मग जागोजागी लोक सांगू लागले, आमचं तर पणजीपासून चालत आलंय. सिरिलही एका वर्तुळात जाऊन दीक्षा घेऊन आला. येताना अर्धी भरलेली वही आणली. पुढे त्याला स्वतःचं वर्तुळ काढायचं होतं. पाच माणसं जमली. पण म्हणायला काय? मंत्र संपले होते.

"अगं ऑलिव्ह," तो म्हणाला, "तुला शब्द सुचतात. वाढदिवसाच्या कार्डावर किती छान लिहितेस. जरा लिही ना काहीतरी. पण जुनं वाटलं पाहिजे हं."

"जुनं वाटायला काय करू?"

"ते मला काय माहीत!"

ऑलिव्हने तिचं तिनेच ठरवलं. छोटं लिहायचं. गरीब माणसाला लांबण लावायला वेळ कुठे असतो! १९५३च्या फेब्रुवारीत, दुपारचं जेवण उरकल्यावर आणि चहाची गर्दी सुरू होण्याआधी, कँटीनच्या मेनूच्या कागदांच्या पाठीवर तिने पेन्सिलीने अकरा मंत्र लिहिले. त्यातला एक पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला:

जे कापलं ते उगवेल,
जे विझलं ते पेटेल,
गेलेल्याला निरोप नाही,
दार उघडं भेटेल.

सिरिलने शाईने ते वहीत उतरवले आणि वर्तुळाला सांगितलं, की हे आपल्या नॉर्फकच्या केझाया आजीकडून आलं. केझाया आजी खरी होती. पण ती अशी कट्टर धर्मभोळी, की सिरिल पत्ते खेळताना सापडला तेव्हा तिने बायबलच्या कोपऱ्याने त्याचं डोकं फोडलं होतं. कष्ट एकीचे, नाव दुसरीचं, आणि मान तिसऱ्याचा. घरोघरी असंच चालतं, म्हणून कोणाला खुपत नाही.

उतरवताना सिरिलने एक घोळ घातला. एका कागदाच्या तळाला ऑलिव्हने कामाची नोंद करून ठेवली होती: गुरुवारी, दुपारच्या आत. कांदे चौदा पौंड. मीठ. व्हिनेगर. झाकून ठेवणे. तिसऱ्या आठवड्यात उघडणे. सिरिलने मंत्राच्या तंद्रीत तेही उतरवलं. वर्षभराने डॉबनी नावाचा औषधाच्या दुकानातला कंपाउंडर वर्तुळात आला. माणूस नेमाचा. तो हात जोडून विचारता झाला, "महाराज, हे कांद्याचं काय आहे?"

ऑलिव्ह तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. सिरिलने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"ती मृतांची क्रिया आहे."

"चौदा पौंड कांदे?"

"चौदा कांदे. पौंड नंतर कोणीतरी घुसडलंय."

ऑलिव्हने हसू दाबत स्वयंपाकघर गाठलं. माणसं गेल्यावर ती त्याला म्हणाली, "अहो, ते माझ्या लोणच्याचं आहे!"

"माहितीये गं मला. पण आता ते तुझं म्हटलं, तर बाकीचंही तुझंच निघेल."

"निघू दे की."

"मग मी कोण उरतो?"

त्याच्या आवाजात असं काही होतं, की ती गप्प बसली. ती एकदा गप्प बसली ती बारा वर्षं. तोवर सिरिलच्या वहीवरून दुसऱ्या वह्या झाल्या, त्यांवरून तिसऱ्या. लीड्सला, ब्रिस्टलला वर्तुळं निघाली. तिथेही माणूस गेलं की लोक गुरुवारी चौदा कांदे चिरू लागले. ऑलिव्हची इच्छा एवढीच होती, की एखाद्या तरी माणसाने तोंड उघडून म्हणावं, ऑलिव्ह, हे तू लिहिलंस. सिरिलच्या हयातीत ते होणार नव्हतं. आता सिरिल नव्हता.

शनिवारी तिने त्याची वही कपाटातून काढली. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात तिचे कागद होते, अकराच्या अकरा. वर छापील अक्षरांत गॅरेजचं नाव आणि तारीख, खाली वाटाण्याचं सूप, पाठीवर तिची पेन्सिल. त्याने ते फेकले नव्हते. इतकी वर्षं जपून ठेवले होते आणि एका शब्दाने बोलला नव्हता. यावर चिडावं की रडावं हे तिला कळेना. दोन्ही करून पाहिलं असतं, पण दोन्ही येत नव्हतं. तिने कागद पिशवीत घातले आणि किटली ठेवली.

सोमवारी ती कामावर गेली. फ्लॉरी बेट्स बटाटे सोलत बसली होती. बावीस वर्षांची सोबत.

"एवढ्यात आलीस? घरी बसायचं ना चार दिवस."

"घरी काय करू?"

"रडायचं, बाई! बाकी काय करतात? माझा बर्ट गेला तेव्हा तीन दिवस रडले मी, आणि तो तर मेला मला आवडायचासुद्धा नाही."

ऑलिव्ह चाकू घेऊन शेजारी बसली.

"आणि ते तुमचं मंडळ? आलं होतं का नागडं नाचायला?"

"कोट घालून आले होते सगळे."

"चला, थंडीने अक्कल दिली म्हणायची."

ऑलिव्हने दोन बटाटे सोलले. "फ्लॉरी, त्रेपन्न साली आपण लोणच्याचे कांदे कधी टाकायचो गं?"

"गुरुवारी. भाजीवाला बुधवारी यायचा ना. दुपारच्या आत टाकायचे, नाहीतर जेवणाच्या गर्दीत सापडायचो. का गं?"

"सहज."

पिशवी तिच्या पायाशीच होती. कागद काढून फ्लॉरीपुढे धरले असते, तर फ्लॉरीने एका नजरेत सांगितलं असतं. पण फ्लॉरी दीक्षेतली नव्हती, आणि वहीतलं बाहेरच्याला दाखवायचं नाही अशी शपथ ऑलिव्हनेही घेतली होती. ज्यांना कळलं असतं त्यांना दाखवता येत नव्हतं, ज्यांना दाखवता येत होतं त्यांना कळणार नव्हतं. बटाटे संपले तशी तिने गाजरं घेतली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सगळे मॉरीनच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जमले. एरवी ही मंडळी अंगावर चिंधी ठेवत नसत, पण दिवसाच्या क्रियेला कपड्यांची मुभा होती. डॉबनीला संधिवात होता. मधोमध टेबल, त्यावर चौदा कांदे, मीठ, व्हिनेगरची बाटली. खालून केस वाळवायच्या यंत्राचा घुं-घुं आवाज येत होता. पश्चिमेकडे तोंड करून जवळच्या नातलगाने कांदे चिरायचे. मीठ कुठल्या हाताने टाकायचं यावर ब्रिस्टलवाल्यांशी वाद आहे, हे डॉबनीने हळूच सांगितलं.

ऑलिव्हने सुरी घेतली. सव्वीस वर्षांचा हात. बाकीचे अजून मंत्राची पहिली ओळ म्हणत होते, तोवर तिचे चार कांदे चिरून झाले. पाचव्याला डोळे चुरचुरले, सातव्याला गालांवरून ओघळ लागले. कोणीतरी हुंदका दिला. डॉबनीने टोपी काढली.

"रडू द्या त्यांना," तो कुजबुजला. "आजीला माहीत होतं. अडकलेलं रडू कसं मोकळं करायचं, ते आजीला बरोबर माहीत होतं."

ऑलिव्हने चौदाही कांदे संपवले, बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, "कांद्याने येतं ते."

तिने पिशवीतून कागद काढून टेबलाच्या कोरड्या बाजूला मांडले. "हे मी लिहिलंय. तारीख बघा. हे खालचं गॅरेजच्या लोणच्याचं आहे. केझाया आजीने उभ्या जन्मात एक मंत्र म्हटला नाही. ती चेटकिणींना नरकात पाठवणाऱ्यांतली होती. मंत्र माझे आहेत."

डॉबनीने चष्मा लावून कागद वाचले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. तिच्या अपेक्षेपेक्षा तो प्रामाणिक होता. मग त्याचा चेहरा उजळला. "मिसेस प्रॉसर, म्हणजे आजी तुमच्या हातून बोलली! तुम्हालाही कळू न देता. लोणच्याच्या निमित्ताने!"

"मिस्टर डॉबनी, भाजीवाला बुधवारी यायचा."

"बुधवारीच का यायचा?" डॉबनीने विचारलं.

मॉरीन तिला जिन्यावर घेऊन गेली आणि दार लोटलं.

"खरं आहे का हे?"

"हो."

"सगळेच्या सगळे?"

"अकरा. बाकीचे त्यांनी दुसऱ्या वर्तुळातून आणलेले."

मॉरीन पायरीवर बसली. "मग आता कोणापाशी बोलू नका. लीड्सच्या एका बाईने तुमच्या त्या चार ओळी म्हणून पोर पुरलंय. तिला काय सांगायचं, बस गॅरेजमध्ये लिहिल्या म्हणून? कोणी लिहिलं याने काय फरक पडतो, ऑलिव्ह?"

"तुला नाही पडत. तुझं नाव खाली पाटीवर आहे. हातभर अक्षरांत."

मॉरीनचे कान लाल झाले. खालून कोणीतरी हाक मारली, की मिसेस लँगलीच्या केसांचं पर्म जळतंय, आणि ती पळाली.

शनिवारी लंडनहून मिस थ्वेट आल्या. जुन्या धर्मावर त्या पुस्तक लिहीत होत्या. केझाया आजीची माहिती हवी म्हणून सिरिल होता तेव्हापासून त्यांची पत्रं येत होती. उंच बाई, चांगला कोट. ऑलिव्हने चहा दिला आणि साखर टाकायच्या आधीच सांगून टाकलं, मंत्र मी लिहिले.

कागद दाखवायचे की नाही, याचा विचार ती दोन दिवस करत होती. शेवटी तिचं उत्तर सरळ निघालं. मंत्र आजीचे असतील तर दाखवणं शपथेविरुद्ध आहे. माझे असतील तर माझं लिहिलेलं दाखवायला शपथ कसली? तिने कागद पुढे ठेवले.

मिस थ्वेटनी ते खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले. "विलक्षण आहे हे. म्हणजे तुमचे पती आजीच्या आठवणी सांगत आणि तुम्ही उतरवून घेत होतात?"

"नाही. मी लिहीत होते आणि ते उतरवून घेत होते."

"हो, हो. पण मूळ ओळी, त्यांचा गाभा..." त्या गोड हसल्या. "मिसेस प्रॉसर, तुम्ही कविता करता का? दुसरं काही लिहिलंय?"

"वाढदिवसाची कार्डं."

मिस थ्वेटनी स्वतःच्या टिपणवहीत काहीतरी टिपलं. ऑलिव्हला उलटं वाचता येत होतं. ड्रायव्हरांच्या ऑर्डरी काउंटरपलीकडून वाचायची तिला सवय. लिहिलं होतं: विधवेने तोंडी परंपरा जतन केली. स्वयंपाकीण. विश्वासार्ह.

"केक घ्या," ऑलिव्ह म्हणाली. काहीतरी दुखायला हवं होतं. ती वाट बघत बसली आणि बाईंनी केक संपवला.

रविवारी दुपारी दोन वाजता डॉबनीच्या भाजीच्या वाफ्यांवर, पत्र्याच्या भोकाभोकांच्या पिंपात जाळ केला. चहूकडे धूर होता. शेजारच्या वाफ्यावर कोणी कोबीचे दांडे जाळत होता, पलीकडे रस्त्यावर पोरं कालचे उरलेले फटाके उडवत होती. ऑलिव्हने सिरिलची वही स्वतःच्या हाताने पिंपात टाकली. तो असताना तिने त्याला तसा शब्द दिला होता, म्हणून केलं. पुठ्ठा आधी फुगला, मग वाकला, मग पानं एकेक करून काळी पडत गेली. सगळ्यांनी मिळून म्हटलं, जे कापलं ते उगवेल. ऑलिव्हने म्हटलं नाही, पण बाकीच्यांचं होईपर्यंत कोटाच्या खिशात हात घालून ती थांबली.

डॉबनी खोकला. "मिसेस प्रॉसर, ते कागद? तेही वहीतलेच."

"ते देत नाही."

"पण नेम—"

"नेम मला सांगा, मिस्टर डॉबनी. कोणाची वही जाळायची?"

"मेलेल्याची."

"कोणाच्या हातची?"

"त्याच्या स्वतःच्या हातची."

"हे माझ्या हातचं आहे आणि मी मेलेली नाही."

डॉबनी गोंधळला. "पण हात तुमचा असला तरी बोल आजीचे..."

"मग आजी मेली तेव्हाच जाळायला हवे होते. १९११ साली. तुम्हाला पंचावन्न वर्षं उशीर झालाय."

धुराआड कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉबनी नेमाचा माणूस. त्याने मनातल्या मनात नेम पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला, आणि त्यात पळवाट सापडेना, तेव्हा मान खाली घातली. "बरोबर आहे. हात त्यांचा आहे."

त्याच्या तोंडून एवढंच निघालं. मनात तो आजीला सोडणार नव्हता, हे ऑलिव्हला दिसत होतं. पुस्तकातही आजीच राहणार होती. तिने कागद खिशात घट्ट धरले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला पाय गार पडल्यासारखं वाटत होतं, आणि ते खरंच गार पडले होते.

परतताना मॉरीन तिच्या बरोबरीने चालू लागली. फाटकाची कडी गंजलेली होती, ती काढता काढता मॉरीनने विचारलं, "एक विचारू? ती तिसरी ओळ. गेलेल्याला निरोप नाही. सहा वर्षं म्हणतेय मी, आणि दर वेळी तिथे अडखळते. बाकीच्या ओळी धीर देतात, ही एकटीच देत नाही. अशी का लिहिलीत तुम्ही?"

ऑलिव्ह थांबली. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तेरा वर्षांत नाही, सिरिलनेही नाही. आपल्याला आत काही होतंय का, हे तिने बघितलं. पटकन सांगता आलं नाही.

"त्या महिन्यात आई वारली माझी," ती म्हणाली. "सकाळीच निरोप आला होता, पण शिफ्ट चारपर्यंत होती. मॅनेजर म्हणाला, जेवण उरकून जा. मी उरकलं. जाऊन पोचले तर तिचं तोंड झाकलेलं होतं." तिने कडी वर उचलली, तिला ती युक्ती माहीत होती. "दुसऱ्या दिवशी लिहिली ती ओळ. पेन्सिल तुटली होती, म्हणून तेवढी फिकट आलीय. बघायचीय?"

"हो," मॉरीन म्हणाली.

ऑलिव्हने खिशातून कागद काढले आणि त्यातला तो कागद शोधू लागली.